मोटारसायकलचा भाव करताना: कोटेशनची एकेक ओळ कशी सोडवायची

शोरूममध्ये गेल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "ऑनरोड लास्ट किती?" समोरून सगळं धरून एकच आकडा येतो. मग हजार-पाचशेची ओढाताण होते, सेल्समन सीट कव्हर आणि पाच लिटर पेट्रोल फुकट देतो, आणि भाव केल्याचं समाधान घेऊन माणूस घरी येतो. खरं तर त्या एका आकड्यात आठ-दहा वेगवेगळ्या रकमा बांधलेल्या असतात. त्यातल्या काही सरकारी असतात, तिथे कुणाचंच काही चालत नाही. एक कंपनीने ठरवलेली असते, ती सहसा हलत नाही. बाकीच्या डीलरच्या हातातल्या असतात आणि भाव तिथेच होतो. गाठोडं न सोडता भाव केला, तर एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने कशी परत घेतली, हे कळतसुद्धा नाही.

दुचाकीच्या एक्स-शोरूम किमतीत, म्हणजे रस्ता कर, नोंदणी आणि विमा सोडून असलेल्या किमतीत, डीलरला सुटणारा नफा फार जाड नसतो. त्याचं पोट भरतं ते विम्याच्या कमिशनवर, फायनान्स कंपनीकडून मिळणाऱ्या मोबदल्यावर, ॲक्सेसरीजवर आणि 'हँडलिंग'सारख्या ओळींवर. म्हणून "एक्स-शोरूममध्ये पाच हजार सोडा" म्हणून अडून बसण्यात दम नाही. तेच पाच हजार खालच्या ओळींतून काढणं कितीतरी सोपं जातं.

आधी घरी बसून हिशेब

मॉडेल ठरवा, आणि त्यातला प्रकारही ठरवा: ड्रम ब्रेक की डिस्क, साधं मीटर की ब्लूटूथवालं. "दाखवा काय काय आहे" म्हणत गेलेल्या गिऱ्हाइकाला वरचा प्रकार गळ्यात मारणं सोपं असतं. कंपनीच्या वेबसाइटवर आपलं शहर निवडून त्या दिवसाची एक्स-शोरूम किंमत बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुने व्हिडिओ आणि मित्राचं गेल्या वर्षीचं बिल बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तर ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे आधीचे आकडे तुलनेच्या कामाचे राहिले नाहीत. एक्स-शोरूम किमतीत हा जीएसटी धरलेला असतो, तो वेगळा मागितला तर ते चूक आहे.

महाराष्ट्रात दुचाकीवरचा एकरकमी रस्ता कर इंजिनच्या आकारावर ठरतो: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, १०० ते २९९ सीसीला ११ टक्के, ३०० च्या वर १२ टक्के. यात एक बारीक गोष्ट आहे. ज्यांना आपण सरसकट 'शंभर सीसी' म्हणतो, त्यातल्या बऱ्याच गाड्या ९७-९८ सीसीच्या असतात. स्प्लेंडर प्लस ९७.२ सीसीची आहे, म्हणजे तिला १० टक्केच कर लागतो. कोटेशनमध्ये ११ टक्क्यांचा आकडा दिसला तर तिथेच बोट ठेवा. याउलट ३४९ सीसीच्या बुलेटला जीएसटी १८ टक्के, पण रस्ता कर १२ टक्के.

नोंदणी शुल्क मोटारसायकलला ३०० रुपये, आरसीच्या स्मार्ट कार्डाचे २००. कर्ज काढून घेतली तर बोजा नोंदवण्याचे ५०० आणखी. करावरचा किरकोळ अधिभार आणि टपालखर्च मिळून थोडी रक्कम वर जाते. 'पासिंग खर्च' या नावाखाली सरकारी रक्कम एवढीच असते.

विम्यात थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा भाग, त्याचा दर सरकारने ठरवलेला आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ मध्ये ठरलेले दर असे: ७५ ते १५० सीसी ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसी ७,३६५ रुपये, त्यापुढे १५,११७ रुपये, आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १४९ सीसीची गाडी सोडून १६० सीसीची घेतली, तर नुसत्या थर्ड पार्टीत करासकट चार हजारांच्या वर फरक पडतो. १५० आणि १६० मध्ये मन घुटमळत असेल तर हा आकडा आधी लक्षात घ्या.

आता एक नमुना मांडू. हिशेबाला सोपं म्हणून १२५ सीसीच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ९०,००० धरू, कर्ज नाही.

रस्ता कर ११ टक्क्यांनी ९,९००. नोंदणी आणि स्मार्ट कार्ड ५००. थर्ड पार्टी विमा जीएसटीसह ४,५४४. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा: नव्या गाडीची विमा किंमत, आयडीव्ही, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे ८५,५००. त्यावर मूळ दर पावणेदोन टक्क्यांच्या आत, आणि त्यावरही विमा कंपन्या सूट देतात. सूट न धरता जीएसटीसह १,७०० च्या आसपास. मालक-चालकाचा अपघात विमा धरून एकूण विमा साडेसहा हजारांपर्यंत. बेरीज होते १,०६,९००.

समजा हातात आलेलं कोटेशन १,१४,५०० चं आहे. मधले ७,६०० कुठून आले? विमा ८,७०० लावलाय, म्हणजे २,२०० जास्त. हँडलिंग १,५००. ॲक्सेसरी किट २,९००. रोडसाइड असिस्टन्स किंवा सर्व्हिस पॅकेज १,०००. या चार ओळींवर तुम्हाला बोलायचं आहे. वरच्या ९०,००० वर नाही.

कधी जायचं

महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस चांगले, हे सगळ्यांना माहीत असतं. कंपनीचं महिन्याचं आणि तिमाहीचं उद्दिष्ट गाठायला डीलरला एकेक गाडी मोजावी लागते. पण आपल्या सातारा-सांगली भागात पिकाचं कॅलेंडरही तितकंच चालतं. कारखान्यांची उसाची बिलं खात्यावर यायला लागली, तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचे पैसे झाले, सांगलीत हळदीचे सौदे जोरात आले, की शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. त्या दिवसांत तुमच्या पाठीमागे चार जण रोख पैसे घेऊन उभे असतात, मग कोण कशाला सोडेल? याउलट पेरण्या सुरू झाल्यापासून श्रावणापर्यंत, पैसा रानात अडकलेला असताना, सेल्समन स्वतःहून फोन करतो.

सगळ्यात शांत काळ पितृपंधरवड्याचा. म्हाळाच्या दिवसांत कुणी गाडी घरी आणत नाही, आणि लगेच पुढे नवरात्र-दसरा असतो. तुमच्या घरी हे पाळत असतील तरी भाव करायला आणि टोकन द्यायला अडचण नसावी. पंधरवड्यात भाव पक्का करा, डिलिव्हरी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला घ्या. फक्त टोकनच्या पावतीवर एक वाक्य लिहून घ्यायला विसरू नका: डिलिव्हरीपर्यंत डीलरकडच्या कोणत्याही रकमेत वाढ होणार नाही, आणि मधल्या काळात कंपनीची सणाची ऑफर आली तर ती लागू होईल. हे वाक्य नसेल, तर सणाच्या आठवड्यात "किंमत वाढली हो साहेब" ऐकायला मिळतं.

जानेवारी-फेब्रुवारीत आदल्या वर्षी बनलेल्या गाड्या शिल्लक असतात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं जातं, त्यामुळे विकताना ती गाडी एक वर्ष जुनी धरली जाते. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर हा फरक विरून जातो, म्हणून मोठी सूट मागून अशी गाडी बेलाशक घ्यावी. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर घेऊ नये. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तिथे नुकसान नाही.

गाडीला प्रतीक्षा यादी असेल तर वेळ कोणतीही असो, रोख सूट मिळणार नाही. तिथे नको असलेल्या ओळी खोडून घेणं एवढंच आपल्या हातात असतं. तेही कमी नाही.

कुठून कोटेशन घ्यायची

किमान तीन ठिकाणांहून, आणि तिन्ही लेखी. साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यातलं एक, कराडचं एक आणि पुण्याचं एक घ्यावं. सांगलीच्या माणसाने सांगली-मिरज, शक्य असेल तर विटा किंवा तासगाव, आणि कोल्हापूर. दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी घेतली तरी नोंदणी आपल्या पत्त्याच्या आरटीओत होऊ शकते. पण "आमच्या आरटीओचं पासिंग (साताऱ्याचं एमएच-११, सांगलीचं एमएच-१० किंवा कराडचं एमएच-५०) करून देणार का, आणि त्याचे वेगळे पैसे काय?" हे आधी विचारावं. काही डीलर बाहेरच्या आरटीओचं काम टाळतात. नाही जमलं तरी ते कोटेशन आपल्या गावात दाखवायला उपयोगी पडतं.

वडूज, दहिवडी, जत, आटपाडी अशा ठिकाणी बहुधा सब-डीलर असतात. बिल मुख्य डीलरच्या नावाने निघतं, सूट देण्याचा अधिकारही तिकडेच असतो. एकाच दुकानात चार कंपन्यांच्या गाड्या दिसल्या तर मधल्या माणसाचं कमिशन त्यात आहे हे धरून चाला आणि मुख्य डीलरचं कोटेशन आधी हातात ठेवा. "सर्व्हिस आमच्याकडे करायची तर गाडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल," असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. मोफत सर्व्हिस त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात मिळते. तरीही घराजवळच्या विक्रेत्याकडे पाच-सातशे जास्त गेले, तर ते देऊन टाकावेत असं आमचं मत आहे. काही बिनसलं तर रोज डोळ्यांसमोर दिसणारा माणूस काम लवकर करून देतो.

घरात कुणी सैन्यात असेल किंवा निवृत्त झाले असतील, तर हे सगळं करण्याआधी सीएसडी, म्हणजे सैन्याच्या कॅन्टीनची किंमत बघा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या या जिल्ह्यांत ही सोय हजारो घरांना आहे, तरी घाईत विसरली जाते. कॅन्टीनमार्फत जीएसटीत सवलत मिळते आणि ती बाहेरच्या कुठल्याही सुटीपेक्षा मोठी ठरते. गाडी सैनिकाच्याच नावावर निघते, आणि पोर्टलवरचा अर्ज, मंजुरी, मग डीलरकडून डिलिव्हरी यात वेळ जातो, एवढं ध्यानात ठेवून मुहूर्त धरा.

टेबलावर बसल्यावर

पहिलं वाक्य असं असावं: "दादा, ऑनरोडचा एकच आकडा नको. एक्स-शोरूम, टॅक्स, नोंदणी, विमा आणि बाकीचं, सगळं वेगळं लिहून शिक्का मारून द्या." नुसत्या पॅडच्या कागदावर पेनाने लिहिलेला आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. 'आरटीओ + विमा: १९,५००' अशी जोडओळ दिली तर ती फोडून मागा. जोडओळीतच पैसे लपतात.

मग क्रमाने जा. सुरुवात हँडलिंगपासून. हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो, फाइल चार्ज, नाव काहीही असो, हे सरकारी शुल्क नाही. "सगळीकडे घेतात, कंपनीचंच असतं," असं उत्तर येईल. त्यावर शांतपणे विचारावं, "मग याची जीएसटीची पावती द्याल ना?" बहुतेक वेळा इथेच ती रक्कम निम्मी होते किंवा जाते. आवाज चढवू नका. समोरचा पोरगा पगारी असतो, हा दर त्याने ठरवलेला नसतो.

नंबरप्लेटचे पैसे वेगळे लावलेत का बघा. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत असते. मागच्या माणसासाठी धरायचा दांडा, फूटरेस्ट आणि साडी गार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे गाडीसोबतच असायला हवेत. नियम १३८ प्रमाणे खरेदीच्या वेळी आयएसआय मार्कचं हेल्मेट आणि प्रथमोपचार पेटीही द्यायची असते. हेच सामान 'किट'मध्ये घालून दोन-तीन हजारांना विकलं जातं. किटची यादी मागा आणि प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायला सांगा. लेग गार्ड आणि सीट कव्हर लागत असेल तर तेवढंच ठेवा. टेफ्लॉन कोटिंग, टँक कव्हर, ग्रिप हे सगळं बाहेर स्वस्तात होतं. त्यातलं कोटिंग तर रोज शेतरस्त्याने जाणाऱ्या गाडीवर पहिल्या पावसाळ्यातच संपतं. किट 'कंपलसरी' आहे म्हणाले तर "तसं कोटेशनवर लिहून द्या" म्हणा. कुणी लिहून देत नाही.

सेल्समनच्या हातात सूट देण्याचा अधिकार थोडा असतो. त्याने हात टेकले की सेल्स मॅनेजरला बोलवा, दुसऱ्या डीलरचं कोटेशन समोर ठेवा आणि एकच आकडा सांगा: "एक लाख आठला आत्ता टोकन भरतो." आकडा आधी ठरवलेला हवा, आणि तो शक्य कोटीतला हवा. आपल्या नमुन्यात १,०६,९०० हा तळ आहे. तिथपर्यंत नेण्याचा हट्ट धरला तर बोलणं मोडतं. १,०८,००० ते १,०९,००० दरम्यान, हवी ती एखादी वस्तू धरून, सौदा झाला तर तो चांगला झाला. जमलं नाही तर "घरी विचारून येतो" म्हणून उठावं. महिनाअखेर असेल तर दुसऱ्या दिवशी फोन येतो.

तोंडी कबूल केलेलं सगळं बुकिंगच्या पावतीवर हवं: मॉडेल, रंग, प्रत्येक रकमेचा आकडा, मोफत वस्तू, डिलिव्हरीची तारीख, आणि बुकिंग रद्द केलं तर टोकन परत मिळेल का. टोकन हजार-दोन हजारांपेक्षा जास्त देऊ नये. टोकन जितकं मोठं, तितकं नंतर बोलायला बळ कमी उरतं.

विमा: सगळ्यात जास्त पैसे इथे सुटतात

विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, डीलर सक्ती करू शकत नाही. "बाहेरची पॉलिसी पासिंगला चालत नाही" हे साफ खोटं आहे. कोणत्याही परवानाधारक कंपनीची पॉलिसी चालते. फक्त चेसिस आणि इंजिन नंबर डीलरकडून घ्यावे लागतात, आणि टोकन भरल्यावर ते तो देतो. पॉलिसी ऑनलाइन काढून त्याची प्रत त्याच दिवशी द्यायची.

दुसरी भीती कॅशलेसची, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देण्याची सोय मिळणार नाही अशी घातली जाते. कॅशलेस होणं हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर अवलंबून असतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. म्हणून बाहेर चौकशी करण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा, "कॅशलेस कोणकोणत्या कंपन्यांचं करता?" आणि त्यातल्याच कंपन्यांचे दर काढा.

तुलना करताना तीन गोष्टी सारख्या हव्यात: आयडीव्ही, कालावधी आणि जोडकव्हर. आयडीव्ही दहा हजारांनी खाली आणून हप्ता कमी दाखवणं ही नेहमीची युक्ती. गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे कमी मिळतात. कालावधीत '१+५' मागा, म्हणजे एक वर्ष ओन डॅमेज आणि पाच वर्षं थर्ड पार्टी. ऑगस्ट २०२० पासून पाच वर्षांचं ओन डॅमेज घेण्याची सक्ती उरलेली नाही. तरी '५+५' पुढे केलं जातं, कारण रक्कम मोठी आणि कमिशनही मोठं. एक वर्षाचं घेतलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जोडकव्हर, घ्यावं का? दाव्याच्या वेळी प्लास्टिक-रबरच्या भागांवर, बॅटरीवर आणि टायरवर ५० टक्के घसारा कापतात. फेअरिंगची, प्लास्टिकने मढलेली गाडी असेल तर पहिली दोन-तीन वर्षं जरूर घ्यावं. साध्या पत्र्याच्या ९७ सीसी गाडीला आम्ही आग्रह धरणार नाही. १५ लाखांचा अपघात विमा मालकाला सक्तीचा आहे, पण तुमच्याकडे तेवढ्याच रकमेची वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच असेल किंवा दुसऱ्या गाडीवर हे कव्हर चालू असेल, तर लेखी जाहीर करून तो खर्च वगळता येतो. जुनी गाडी विकून नवी घेत असाल आणि जुन्यावर दावा केलेला नसेल, तर नो क्लेम बोनस नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्याला लागतो, २० ते ५० टक्क्यांपर्यंत. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. डीलर हे स्वतःहून क्वचितच सांगतो.

हे सगळं झाल्यावर बाहेरचा दर डीलरला दाखवा आणि "एवढ्यात बसवा" म्हणा. फरक दोन-तीनशेवर आला तर डीलरकडूनच घ्या. दाव्याच्या वेळी कागद फिरवायला त्याचा माणूस उपयोगी पडतो.

हप्त्यावर घ्यायची असेल तर

गाडीचा भाव पक्का होईपर्यंत रोख की हप्ता हे उघड करू नका. कुणी विचारलंच तर "दोन्हीचे आकडे काढा" म्हणा. हप्त्याची चर्चा आधी सुरू झाली, की बोलणं "महिना किती बसेल" यावर सरकतं आणि एकूण रक्कम नजरेआड होते.

शोरूममधला फायनान्सवाला 'फक्त दहा टक्के' म्हणतो तेव्हा तो बहुधा फ्लॅट दर सांगत असतो. ८०,००० रुपये, ३६ महिने, १० टक्के फ्लॅट: व्याज २४,०००, हप्ता २,८८९. कमी होत जाणाऱ्या शिलकीवर हा दर सुमारे १७.९ टक्के बसतो, कारण दर महिन्याला मुद्दल फेडत असूनही व्याज तुम्ही शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर देता. बँक किंवा पगारदार संस्था १२ टक्के सांगते तेव्हा ते बहुधा कमी होत्या शिलकीवर असतं, आणि दहाच्या पुढे बारा महाग वाटतं. दोन्हींकडून महिन्याचा हप्ता, एकूण हप्ते आणि आधी कापली जाणारी रक्कम एवढंच विचारा, मग फसगत होत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला आणि फायनान्स कंपनीला कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा, आणि प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट चार्ज, आगाऊ हप्ता, कर्जाला चिकटवलेला आयुर्विमा या ओळी बघा. आगाऊ हप्ते घेतले तर हातात कर्ज कमी पडतं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालतं. कर्ज मुदतीआधी फेडलं तर किती दंड, हेही तिथेच असतं. ऊस गेल्यावर एकदम पैसे भरून मोकळं व्हायचा बेत असेल तर ही ओळ सर्वांत महत्त्वाची. कोरे धनादेश देऊ नका. द्यावेच लागले तर फायनान्स कंपनीचं नाव आणि कर्ज क्रमांक लिहूनच द्या.

डीलरला त्या फायनान्स कंपनीकडून मोबदला मिळतो. म्हणून कर्ज तिथूनच घ्यायचं ठरलं, तर त्या बदल्यात प्रोसेसिंग फी माफ किंवा हँडलिंग शून्य मागायला तुम्हाला जागा आहे. कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवणं मागे ठेवू नका.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देताना

नव्या गाडीचा भाव लेखी झाल्यावरच जुनीचा विषय काढा. आधी काढला तर 'पाच हजार एक्स्चेंज बोनस' देऊन जुनीची किंमत सात हजारांनी पाडतात. त्याआधी दोन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून आकडा घ्या. फरक दीड-दोन हजारांचा असेल तर डीलरला द्या, जास्त असेल तर बाहेर विका.

देताना नाव हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, तारीख-वेळ लिहिलेली ताबा पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, हे हातात घेतल्याशिवाय किल्ली सोडू नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत त्या गाडीने झालेल्या अपघाताची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकच जबाबदार असं स्पष्ट केलं आहे. एक्स्चेंजचे थोडे पैसे नाव बदलेपर्यंत अडकवून ठेवा असं डीलर म्हणणार नाही, म्हणून नाव हस्तांतर किती दिवसांत होईल ते तुम्हीच लिहून घ्या आणि परिवहन पोर्टलवर अधूनमधून बघत राहा.

डिलिव्हरीच्या आधी

उरलेले पैसे भरण्याआधी गाडी दाखवा म्हणा, तीही चेसिस नंबरसकट. फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, ते ठरल्याप्रमाणे आहे का बघा. मीटरवर चार-पाच किलोमीटर ठीक. चाळीस-पन्नास दिसले तर ती टेस्ट राइडची गाडी असू शकते, दुसरी मागा. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन्ही टायर आणि बॅटरीची तारीख गाडीच्या उत्पादन महिन्याच्या आसपास हवी. बराच काळ गोदामात, त्यातही पावसाळ्यात, उभी राहिलेली गाडी चेनवरच्या आणि सायलेन्सरच्या सांध्याजवळच्या गंजावरून ओळखू येते. टाकीखाली आणि फोर्कच्या सीलजवळ तेल पाझरलंय का, हँडल सरळ आहे का, इंडिकेटर-हॉर्न-ब्रेकलाइट चालतात का. दोन किल्ल्या, टूलकिट, मॅन्युअल, सर्व्हिस कूपन मोजून घ्या. हे दिवसाउजेडी करा. संध्याकाळी सातला दिव्याखाली ओरखडे दिसत नाहीत. पूजा, हार, पेढे हे सगळं तपासणी झाल्यावर, कारण हार घातल्यावर कुणी वाकून टायर बघत नाही.

नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. केंद्रीय नियम ४२ प्रमाणे डीलरने कायम किंवा तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नसते. "नंबर आठ दिवसांत येईल, तोवर चालवा" यावर विसंबलात आणि मधेच अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. आवडीचा नंबर हवा असेल तर तो नोंदणीआधी ऑनलाइन घ्यावा लागतो, म्हणून भाव ठरतानाच डीलरला सांगा.

पैसे शक्यतो खात्यातून डीलरच्या नावावर द्या, सेल्समनच्या मोबाइलवर नाही. मोठ्या गाडीला दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानेच बंद आहे.

शेवटी हातात एवढं हवं: टॅक्स इन्व्हॉइस, विमा पॉलिसी, आरटीओच्या कराची आणि शुल्काची पावती, फॉर्म २१ आणि २२, ॲक्सेसरीजचं वेगळं बिल, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती. यातली आरटीओची पावती सगळ्यात जास्त टाळली जाते. तिच्यावर कर आणि प्रत्येक शुल्क वेगळं छापलेलं असतं. ती कोटेशनशेजारी ठेवा. कोटेशनमध्ये आरटीओच्या नावाने १२,५०० घेतले आणि पावती १०,६०० ची निघाली, तर उरलेले १,९०० परत मागा, आणि तेही लेखी. आधी डीलरच्या मॅनेजरला, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आयोग सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे. तक्रारीत कोटेशन, बुकिंग पावती आणि आरटीओची पावती हे तीन कागद जोडले, तर बहुतेक डीलर दुसऱ्या पत्रालाच फरक परत करतात.